सर्व्हेसाठी ड्रोन घ्यायचाय, कोणता घेऊ?

प्रश्न : मी शिरपूरचा स्थापत्य अभियंता. नऊ वर्षं टोटल स्टेशनवर, म्हणजे अंतर आणि कोन मोजणाऱ्या यंत्रावर, सर्व्हेची कामं करतोय. नाला खोलीकरण, पाझर तलाव, प्लॉटिंगचे लेआउट, मध्येच एखाद्या पाटचारीची लाइन. आता कामाच्या अटींमध्ये ड्रोन सर्व्हे मागायला लागलेत. मी आणि भावाने मिळून १२ लाख रुपये उभे केले आहेत. एक विक्रेता ४५ मिनिटं उडणारा ड्रोन दाखवतो. दुसरा म्हणतो, आमचा कॅमेरा बघा, ६१ मेगापिक्सेलचा आहे. तिसरा ओळखीतला आहे, तो परदेशी बनावटीचा ड्रोन निम्म्या किमतीत आणून देतो म्हणतो, बिल मात्र मिळणार नाही. ताई, तुम्ही स्वतः ही कामं करता, म्हणून विचारतो. कोणता घेऊ?

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तिन्ही ड्रोनची उडायची मिनिटं, मेगापिक्सेल आणि किंमत तुम्ही लिहिलीत. तुमच्या कामात उंचीची चूक किती चालणार आहे, हे मात्र पत्रात कुठेच नाही. माझ्या मते ड्रोनची निवड तिथूनच सुरू होते.

तुमच्याच कामाचं उदाहरण घेते. एक हेक्टरचा पाझर तलाव आहे आणि गाळ किती निघाला ते काढायचं आहे. काम सुरू होण्याआधी एकदा उडवलं, झाल्यावर पुन्हा उडवलं, आणि दुसऱ्या वेळी नकाशात सगळी पातळी चुकून ५ सेंटिमीटरने खाली आली. १०,००० चौरस मीटरवर ५ सेंटिमीटर म्हणजे ५०० घनमीटर, म्हणजे साधारण १७६ ब्रास. न काढलेल्या १७६ ब्रास गाळाचं बिल तुमच्या नकाशावर निघेल, आणि चूक वरच्या बाजूला झाली तर काढलेल्याचं बुडेल. एखादा बिंदू वर, एखादा खाली, अशी चूक मोठ्या क्षेत्रात एकमेकांत जिरते. सगळा पृष्ठभाग एका बाजूला सरकला तर ती जिरत नाही, क्षेत्राबरोबर वाढत जाते. लेआउटच्या नकाशात हेच ५ सेंटिमीटर कुणाच्या लक्षातही येणार नाहीत. म्हणून आधी गेल्या दोन वर्षांतल्या कामांची यादी काढा आणि प्रत्येकापुढे आडवी चूक किती चालली असती, उभी किती चालली असती ते लिहा. तुमच्या यादीत घनफळाची कामं जास्त असणार असं मला वाटतं, आणि ती सगळ्यात कडक असतात.

आता कॅमेरा. मेगापिक्सेलचा आकडा एकटा काही सांगत नाही. फोटोतल्या एका पिक्सेलमध्ये जमिनीचा किती तुकडा येतो, ते बघायचं. त्याला आपण जीएसडी म्हणतो. एक इंची सेन्सरचा, २० मेगापिक्सेलचा, ८.८ मिलिमीटर लेन्सचा कॅमेरा १०० मीटरवरून पावणेतीन सेंटिमीटरचा जीएसडी देतो. तोच ड्रोन ६० मीटरवर आणला की १.६ सेंटिमीटर होतो. उंची कमी केली की बारकावा वाढतो, फक्त फेऱ्या वाढतात. ६१ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम कॅमेरा ३५ मिलिमीटर लेन्स लावून १०० मीटरवरून एक सेंटिमीटरच्या आसपास देईल. पण तो जड असतो, त्याला उचलणारा ड्रोन मोठा लागतो, आणि घरी येऊन ते फोटो सोडवायला, म्हणजे त्यांतून नकाशा काढायला, संगणकही तसाच लागतो. नाल्याच्या आणि तलावाच्या कामाला २० ते २४ मेगापिक्सेल पुरतात, मी त्यावरच काम करते.

मेगापिक्सेलपेक्षा विक्रेत्याला शटरबद्दल विचारा. शटर मेकॅनिकल किंवा ग्लोबल आहे की रोलिंग? रोलिंग शटर फोटो ओळीओळीने वाचतं. पहिली ओळ आणि शेवटची ओळ यांच्यात सेकंदाचा तिसावा भाग गेला आणि ड्रोन सेकंदाला ८ मीटर वेगाने चालला असेल, तर त्या एका फोटोच्या दोन टोकांत २७ सेंटिमीटर अंतर पडतं. सॉफ्टवेअर त्याची दुरुस्ती करायचा प्रयत्न करतं, पण घनफळाच्या कामाला मी अशा कॅमेऱ्यावर भरवसा ठेवत नाही. लग्नाच्या शूटिंगचा ड्रोन सर्व्हेला का चालत नाही, असं मला खूप जण विचारतात. मोठं कारण हेच आहे.

४५ मिनिटांबद्दल. हा आकडा वारा नसताना, बेताच्या तापमानात, बॅटरी जवळजवळ पूर्ण संपेपर्यंत उडवून काढलेला असतो. आपण राहतो खान्देशात. मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो, भुसावळकडे त्याच्याही पुढे. बऱ्याच ड्रोनच्या कागदावर चालण्याची कमाल मर्यादा ४० अंश लिहिलेली असते. तो कागद विकत घेण्याआधी वाचा, आणि ४५ किंवा ५० अंशांची मर्यादा असलेलाच घ्या. तापलेली हवा विरळ असते, पंख्यांना जास्त फिरावं लागतं, वर बॅटरी आधीच गरम. मी ३० टक्के बॅटरी शिल्लक असताना उतरवते, त्यामुळे हातात खरी २०-२२ मिनिटं राहतात. तेवढ्यातही काम भरपूर होतं. १०० मीटर उंची, सेकंदाला ८ मीटर वेग, दोन ओळींत ४५ मीटर अंतर धरलं तर २० मिनिटांत ४३ हेक्टर होतात, म्हणजे शंभर एकरांच्या वर. तुमच्या कुठल्याही तलावाला हे पुरतं. एका मोठ्या बॅटरीपेक्षा चार साध्या बॅटऱ्या मी केव्हाही घेईन. त्या थर्माकोलच्या पेटीत, झाडाच्या सावलीत ठेवा. उतरलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, हात लावून गार झाल्याची खात्री करा, मगच लावा.

उन्हाळ्यात सकाळी आठ ते साडेदहा हीच वेळ. त्याच्या आधी सावल्या लांब असतात, त्याच्यानंतर वारा सुटतो. नांगरून पडलेल्या काळ्या वावरातून दुपारी वावटळी उठतात. लांबून त्या दिसतात आणि दिसेपर्यंत ड्रोनपाशी पोचलेल्याही असतात. माझ्याबरोबर दहिवदचा एक तरुण दहा वर्षं काम करतोय. तो आभाळापेक्षा वावरातल्या पाचोळ्याकडे बघतो. "ताई, आज वारा जास्ती शे," असं तो म्हणाला की मी सामान गाडीत ठेवते.

आता जागा कुठे चुकते ते सांगते. साध्या जीपीएसवर ड्रोनला आपली जागा मीटर-दोन मीटरपर्यंतच कळते. सर्व्हेला आरटीके किंवा पीपीके लागतं. आरटीकेमध्ये जागेची दुरुस्ती उडतानाच मोबाइल नेटवर्कवरून किंवा बेसच्या, म्हणजे जमिनीवर एका जागी ठेवलेल्या रिसीव्हरच्या, रेडिओवरून येते. पीपीकेमध्ये ड्रोन आणि जमिनीवरचा बेस दोघंही आपापली नोंद ठेवतात आणि घरी आल्यावर ती जुळवली जाते. तुमचं काम बोराडीच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी असणार. नेटवर्क गेलं की त्यावर चालणारं आरटीके मध्येच तुटतं, आणि अर्धे फोटो बरोबर, अर्धे चुकीचे असा नकाशा हाती येतो. म्हणून पीपीकेची कच्ची नोंद ठेवणाराच ड्रोन घ्या. दोन्ही असतील तर उत्तम. बेस मात्र माहीत असलेल्या बिंदूवर हवा. भारतीय सर्वेक्षण विभागाची कॉर्स स्थानकं, म्हणजे उपग्रहांची सतत नोंद ठेवणारी कायमची स्थानकं, महाराष्ट्रभर आहेत. बेस दोन-तीन तास एका जागी ठेवून त्या स्थानकांच्या नोंदीशी जुळवलात की त्याची जागा पक्की होते.

"आरटीके आहे, आता जीसीपी लागत नाहीत," असं तुम्हाला विक्रेता सांगेल. जीसीपी म्हणजे माप आधी काढून ठेवलेले जमिनीवरचे खुणेचे बिंदू. मला हे मान्य नाही. आडव्या मापात त्याचं म्हणणं बऱ्यापैकी खरं ठरतं, पण उंचीत कॅमेऱ्याच्या लेन्सची बारीकशी चूक सगळा भूभाग बशीसारखा मध्ये खोल किंवा घुमटासारखा फुगीर करून ठेवते. चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे किमान पाच बिंदू जमिनीवर हवेत. शिवाय, सॉफ्टवेअरला न सांगता बाजूला ठेवलेले पाच-सहा तपासणीचे बिंदू हवेत. तेच तुमच्या नकाशाची खरी परीक्षा घेतात.

हे बिंदू ठोकायचे कुठे, हा आपल्याकडचा खास प्रश्न आहे. काळ्या मातीत खुंटी ठोकू नका. मे महिन्यात त्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या दोन पावसांत ती फुगून वर येते. पावसाळ्याआधी ठोकलेली खुंटी पावसाळ्यानंतर त्याच पातळीवर सापडत नाही, आणि तुमची आधीची-नंतरची तुलना तिथेच फसते. मी विहिरीचा कठडा, मोरीची भिंत, सांडव्याचं काँक्रीट, नाहीतर उघडा खडक शोधते आणि त्यावर ऑइलपेंटने ६० सेंटिमीटरचा चौकडा रंगवते. फ्लेक्सचे तुकडे अंथरले तर शेळ्या त्यावरून जातात, पोरं उचलून नेतात, वाऱ्याने कड दुमडते.

डोंगराच्या पायथ्याचं काम आहे म्हणून आणखी एक. ड्रोन उंची मोजतो ती उड्डाणाच्या जागेपासून. तुम्ही खालून १२० मीटर लावलेत आणि वाटेत ६० मीटरची टेकडी आली, तर टेकडीवर तो फक्त ६० मीटरवर असतो. फोटोची रुंदी निम्मी होते आणि तुम्ही ठरवलेला ७० टक्क्यांचा बाजूचा ओव्हरलॅप, म्हणजे शेजारच्या दोन ओळींतल्या फोटोंचा एकमेकांवर येणारा भाग, ४० टक्क्यांवर येतो. नकाशात बरोबर टेकडीच्या माथ्यावर भोक पडतं. जमिनीच्या चढउताराप्रमाणे उंची बदलत उडण्याची सोय ड्रोनच्या नियोजनाच्या ॲपमध्ये आहे का, हे समोर करून दाखवायला सांगा.

टोटल स्टेशनवाल्या माणसाला हमखास अडवणारी एक गोष्ट आहे, आणि ती मी स्वतः भोगली आहे. २०२२ मध्ये अमळनेर तालुक्यात एका पाटचारीचा सहा किलोमीटरचा सर्व्हे मी ड्रोनने केला. नकाशा सुबक झाला, तपासणीचे बिंदू तीन सेंटिमीटरच्या आत बसले. तरीही तिथल्या कनिष्ठ अभियंत्याने प्रत्यक्ष साखळीने मोजलं तेव्हा माझ्या नकाशातली लांबी २ मीटर ४० सेंटिमीटर कमी भरली. मी दोन रात्री झोपले नाही. पुन्हा उडवलं, पुन्हा तेच. शेवटी कळलं की ड्रोनमध्ये काही दोष नव्हता, चूक माझी होती. यूटीएम म्हणजे गोल पृथ्वी पट्ट्यापट्ट्यांनी सपाट नकाशावर मांडण्याची पद्धत. आपण तिच्या ४३ व्या पट्ट्यात येतो. हा पट्टा ७२ ते ७८ रेखांशांचा, आणि त्याची मधली रेषा ७५ अंशांची. ती धुळे आणि अमळनेर यांच्यामधून जाते. या रेषेवर यूटीएमचा नकाशा मुद्दाम ०.९९९६ पट आक्रसलेला असतो. जमिनीवरचा एक किलोमीटर तिथे सुमारे ४० सेंटिमीटरने कमी दिसतो. सहा किलोमीटरला २ मीटर ४०. टोटल स्टेशन जमिनीवरचं अंतर दाखवतं, ड्रोनचा नकाशा यूटीएमचं. तुमच्या प्लॉटिंगच्या कामात हे ध्यानात येणार नाही, पाटचारीत आणि रस्त्यात नक्की येईल. त्या अभियंत्याने न मोजता सही केली असती तर चूक बांधकामात गेली असती. मी त्यांचे आभार मानले आणि तेव्हापासून लांब कामाला त्या कामापुरता वेगळा मोजणी-गुणक लावते.

उंचीतही असाच फेर आहे. जीपीएस देतं ती उंची समुद्रसपाटीपासूनची नसते, आपल्या भागात ती पन्नासहून अधिक मीटरने कमी दिसते. पाटबंधारेच्या कामाची पातळी जीटीएस बेंचमार्कवरून, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची ठरवून दिलेल्या सरकारी खुणेवरून, आलेली असते. जवळच्या बेंचमार्कवरून लेव्हलने किमान दोन-तीन बिंदूंवर पातळी आणा आणि ड्रोनचा नकाशा त्यांना बांधा. तुमचं ऑटो लेव्हल विकू नका.

तिसऱ्या विक्रेत्याबद्दल स्पष्ट सांगते, त्याला नाही म्हणा. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. सवलत आहे ती संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांना. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे ड्रोनच्या त्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट हवं, तुमच्या ड्रोनला स्वतःचा यूआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, हवा आणि विमा हवा. बिल नसलेल्या ड्रोनला यातलं काही मिळणार नाही. कुणाच्या पत्र्यावर तो पडला तर विमा नाही, कामाच्या फाइलला यूआयएन जोडायला सांगितलं तर कागद नाही. ओळखीतला माणूस असला तरी तुमच्या भावाचे पैसे त्यात घालू नका.

तुम्हाला स्वतःला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागेल. दहावी पास आणि १८ ते ६५ वय एवढीच मूळ अट आहे. डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता असलेल्या संस्थेत प्रशिक्षण घ्यायचं, प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं. दोन किलोपर्यंतच्या मायक्रो ड्रोनला प्रमाणपत्र लागत नाही असं कुणी सांगितलं, तर ती सूट व्यवसाय न करणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही पैसे घेऊन काम करणार, तुम्हाला लागेल. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर हिरव्या दाखवलेल्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये ती मर्यादा ६० मीटरवर येते, ५ ते ८ किलोमीटरचा पट्टा पिवळा, त्यात परवानगी हवी, आणि त्याच्या आत लाल. जळगावकडे काम घेतलंत तर विमानतळामुळे हे आधी तपासा. भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणी, दीपनगरचं वीज केंद्र यांच्या आसपास तर डिजिटल स्कायचा नकाशा उघडल्याशिवाय पेटीचं झाकणही काढू नका.

मग कोणता? पंखे असलेला साधा मल्टिरोटर, मेकॅनिकल शटरचा २० ते २४ मेगापिक्सेल कॅमेरा, पीपीके, जमिनीप्रमाणे उंची बदलण्याची सोय, ४५ अंशांच्या वरची उष्णता मर्यादा, टाइप सर्टिफिकेट आणि चार बॅटऱ्या. विमानासारखे पंख असलेले व्हीटीओएल ड्रोन लांब रस्त्यांना आणि हजारो एकरांना चांगले, तुमच्या तलावांना नकोत. नवी मुंबईची आयडियाफोर्ज, बंगळुरूची ॲस्टेरिया अशा देशी कंपन्या सर्व्हेचे ड्रोन बनवतात, आणखीही आहेत. टाइप सर्टिफिकेट मिळालेल्या मॉडेलांची यादी डीजीसीएकडे असते. विक्रेता दाखवतो तेच मॉडेल, त्याच नावाने त्या यादीत आहे का ते बघा. दुरुस्तीला ड्रोन कुठे पाठवायचा आणि तोवर बदली मिळणार का, हे लेखी घ्या. हंगामात महिनाभर ड्रोन दुरुस्तीला गेला तर वर्षाची कमाई जाते.

आणि १२ लाख सगळे ड्रोनवर घालू नका. साधारण निम्मे ड्रोन, कॅमेरा आणि बॅटऱ्यांवर. उरलेल्यातून बेस आणि रोव्हरची (बिंदूवर धरून त्याची जागा मोजणारा फिरता रिसीव्हर) जोडी, ६४ जीबी रॅमचा संगणक, प्रशिक्षण, विमा. रोव्हर तुमच्याकडे आधीच असेल तर तेवढा हात सैल होईल. निम्म्यात बसत नसेल तर पहिलं वर्ष ड्रोन भाड्याने आणा आणि रोव्हर, संगणक, प्रशिक्षण यांवर पैसे लावा. तशी सुरुवात करून नीट उभे राहिलेले लोक मी धुळ्यात पाहिले आहेत.

पैसे देण्याआधी एक काम नक्की करा. तुमच्या ओळखीच्या एखाद्या तलावावर, चढउतार असलेल्या जागी, बारा बिंदू रंगवा आणि रोव्हरने व लेव्हलने त्यांचं माप काढून ठेवा. विक्रेत्याला तिथे बोलवा. सहा बिंदूंची मापं त्याला द्या, सहा स्वतःच्या वहीत ठेवा. त्याने उडवावं, त्याच्याच संगणकावर सोडवावं आणि नकाशा द्यावा. मग तुमच्या सहा बिंदूंवर तो नकाशा काय म्हणतो ते तपासा. अडीच सेंटिमीटर जीएसडीला आडवी चूक तीन-चार आणि उभी पाच-सहा सेंटिमीटरच्या आत आली पाहिजे, आणि ती सगळी एकाच बाजूची नको. घनफळाच्या कामाला तुम्ही खालून उडवून ती आणखी कमी कराल. जो विक्रेता या परीक्षेला तयार होणार नाही, त्याचा ड्रोन घेऊ नका.

प्रश्न : यावल तालुक्यात आमची केळी आहे. चुलत भावाशी बांधावरून वाद आहे. गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन घरांचे कार्ड मिळाले, मग शेताचा बांध ड्रोनने का ठरू नये? एक जण एकरी दर सांगून मोजून द्यायला तयार आहे.

उत्तर : दादा, पैसे देऊ नका. खासगी माणसाच्या ड्रोन नकाशाने हद्द ठरत नाही. हद्दीची मोजणी भूमी अभिलेख कार्यालयाची, आणि वादात तुमच्या हातात लागते ती त्यांची क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा.

गावठाणात काय झालं ते वेगळं होतं. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोन उडण्याआधी घरांच्या हद्दींवर चुना टाकला गेला. ड्रोनने तो चुना टिपला. घर कुणाचं, हद्द कुठे, हे माणसांनी समोरासमोर चौकशी करून ठरवलं, आणि मग मिळकत पत्रिका निघाली. शेतात तुमची हद्द गाव नकाशात, टिपणात आणि फाळणीच्या कागदात आहे. ड्रोन आज जिथे बांध दिसतो तो दाखवेल. तुमचा वाद तर बांध सरकलाय की नाही असाच आहे, मग सरकलेल्या बांधाचा स्वच्छ फोटो घेऊन काय उपयोग?

त्यात तुमची केळी. उभ्या बागेत वरून फक्त पानं दिसतात. ती वाऱ्याने हलतात, दोन फोटोंत एकच पान दोन जागी असतं, म्हणून सॉफ्टवेअरला खुणा जुळत नाहीत. जमीन खाली दोन-अडीच मीटरवर राहते. लेझरचा लिडार लावला तर पानांच्या फटींतून काही किरण जमिनीपर्यंत जातात, पण तो खर्च बांधाच्या वादाला परवडणारा नाही.

मोजणीचा अर्ज करा, फी भरा, भावालाही नोटीस जाईल. मोजणीच्या दिवशी दोघंही हजर राहा. खात्याकडेही आता रोव्हर आहेत, काम पूर्वीपेक्षा लवकर होतं. बाग काढल्यावर, नवी लागवड करण्याआधी ठिबकसाठी उतार बघायचा असेल, पाणी कुठे साचतं ते समजून घ्यायचं असेल, तेव्हा ड्रोनवाल्याला जरूर बोलवा. तिथे तो तुमच्या कामाचा आहे. आणि जमलं तर मोजणीच्या आधी भावाच्या ओट्यावर एकदा बसून या. माझ्या कामात मी अशा मोजण्या बघितल्या आहेत, जिथे हात-दोन हात जमिनीसाठी दोन घरं बोलायची थांबली, आणि ते बघून मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : मी तळोद्याची, २१ वर्षांची. सिव्हिलचा डिप्लोमा झाला. ड्रोन सर्व्हे शिकायचाय, पण ड्रोन घ्यायला पैसे नाहीत आणि घरचे म्हणतात हे मुलींचं काम नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर : बेटा, तुला 'तू' म्हणते. मी १९९८ मध्ये डम्पी लेव्हल खांद्यावर घेऊन साक्री तालुक्यात उभी राहिले तेव्हा मलाही हेच ऐकावं लागलं होतं. घरच्यांना एक दिवस कामावर घेऊन जा. माझे वडील आले, दिवसभर बघत बसले, त्यानंतर पुन्हा काही बोलले नाहीत.

ड्रोन उडवणं या कामाचा छोटा भाग आहे. फोटोंतून नकाशा काढणारे, चूक शोधणारे हात आपल्याकडे कमी आहेत, आणि ते शिकायला ड्रोन लागत नाही. क्यूजीआयएस आणि ओपनड्रोनमॅप ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. सरावाचे ड्रोन फोटोही फुकट मिळतात. तुझ्याकडे जुना लॅपटॉप असला तरी पन्नास-साठ फोटोंचा संच तो रात्रभर चालवून सोडवेल. पहिले दोन महिने यूटीएम, जीएसडी, ओव्हरलॅप, जीसीपी आणि तपासणीचे बिंदू एवढंच शिक. मग नंदुरबार-धुळ्यातल्या एखाद्या सर्व्हेवाल्याकडे रोव्हर धरायला जा. उन्हात बिंदू रंगवण्याचं काम मिळालं तरी नाही म्हणू नकोस, चूक कुठून येते ते तिथेच कळतं. उडवण्याचं प्रमाणपत्र पहिल्या कमाईतून कर.

तुझा पहिला नकाशा झाला की त्याचा अहवाल या सदराच्या पत्त्यावर पाठव. नुसता रंगीत नकाशा नको, खाली तपासणीच्या बिंदूंचा तक्ता हवा. प्रत्येक बिंदूपुढे आडवी आणि उभी चूक लिहिलेली असू दे. मी तो ओळीओळीने बघून तुला उत्तर देईन.